मोजताना बोलू नये
(वाचकांचे प्रश्न, निवृत्त काडतूस-तपासनिसाची उत्तरं)

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी ओघात लिहून गेलो की माझी ३१ वर्षं काडतुसं तपासण्यात गेली. मूळ प्रश्न होता शिकारीच्या जुन्या फोटोंचा. तो राहिला बाजूला आणि या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. बहुतेकांना एकच विचारायचं होतं : काडतूस घरी भरता येतं का, आणि नवख्याने ते शिकायचं कसं? त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत. विषय नाजूक आहे, आणि आपला गोवा एवढा लहान की नुसत्या वाड्याच्या नावावरून माणूस ओळखतात.

प्रश्न : माझा मुलगा टेक्सासमध्ये नोकरीला आहे. तिथल्या रायफल क्लबात जातो. आता तो काडतुसंही घरीच भरायला लागला आहे. रविवारी व्हिडिओ कॉल लावला की समोर स्वयंपाकघराच्या टेबलावर यंत्र, पितळेच्या नळकांड्या, डबे. हात चालू आणि माझ्याशी बोलणंही चालू. "आई, तू चवथीला नेवऱ्या भरतेस ना, तसंच आहे हे," म्हणतो. मला त्या रात्री झोप लागत नाही. हे कायद्यात बसतं का? आणि धोका किती? — एक आई, फोंडा

ताई, कायद्याचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला तिथल्या केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायला काढली तर लागतो. तिथे पुष्कळ नेमबाज घरी भरतात. कोणी पैसे वाचवायला, तर कोणी आपल्याच रायफलीला मानवेल असं काडतूस हवं म्हणून. तुमचा मुलगा चोरून काही करत नाही.

आता नेवऱ्या. उपमा तशी वाईट नाही. काडतुसाचे चार भाग : पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली टोपी, आत दारू आणि तोंडात गोळी. बार उडाला की टोपी फुटते, दारू जळते, गोळी निघून जाते. पुंगळी तेवढी मागे राहते, आणि चौघांत महाग तीच. म्हणून ती उचलून परत भरायची. फुटकी टोपी काढायची, बार उडताना फुगलेली पुंगळी पोलादी साच्यातून दाबून मूळ मापाला आणायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची आणि वरून गोळी दाबायची. टेबलावरचं यंत्र म्हणजे दांडा असलेला दाबाचा प्रेस. शेवेच्या सोऱ्याचा थोरला भाऊ समजा.

उपमा तुटते ती पुढे. नेवरी तळताना फुटली तर कढईतलं तेल खराब होतं. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात बार उडताना दाब दर चौरस इंचाला ३५,००० पौंडांपर्यंत जातो. तुमच्या गाडीच्या टायरात तो ३२-३५ असतो. म्हणजे हजार पट, तोही हातभर अंतरावर, डोळ्यांसमोर. दारूचं माप बरोबर आहे तोवर नळी हा दाब निमूट सोसते.

हे माप ग्रेनमध्ये मोजतात. घाबरू नका, हा आपल्या सोनाराचाच सगेसोयरा आहे. ब्रिटिशांनी तोळा ठरवला तो बरोबर १८० ग्रेनचा, आणि तोळ्याच्या गुंजा ९६. म्हणजे एका गुंजेत दोन ग्रेनही पुरते बसत नाहीत. भरणाऱ्याचा काटा ग्रेनचा दहावा भाग दाखवतो. सोनार एवढ्याने चुकला तर गिऱ्हाईकाला कळतही नाही. इथे, भार आधीच कमाल मापाच्या काठावर असेल तर, त्याने फरक पडतो. म्हणून दारू आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या जी पुस्तकं छापतात त्यांत प्रत्येक जोडीला सुरुवातीचं माप आणि कमाल माप वेगळं दिलेलं असतं. शिकाऊ माणसाने सुरुवातीच्या मापावरून चढायचं. मित्राने कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिलेलं माप घ्यायचं नाही, मित्र कितीही जुना असला तरी.

पण ताई, इतक्या वर्षांत मी पाहिलं ते असं की माणसं काट्यावर फारशी चुकत नाहीत, मोजणीत चुकतात. पिस्तुलाच्या काडतुसाला दारू थोडी लागते. पुष्कळदा ती अर्ध्या पुंगळीपर्यंतही येत नाही. म्हणजे त्याच पुंगळीत चुकून दुसऱ्यांदा दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही. वरून गोळी दाबली की बाहेरून सगळी काडतुसं सारखीच दिसतात, आणि त्यातलं एक बंदूक फोडतं. उलट चूक दारू घालायचीच विसरण्याची. मग नुसती टोपी फुटते, फुस्स आवाज होतो आणि तेवढ्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. उडवणाऱ्याने "हा फुसका निघाला" म्हणून पुढचा बार काढला की नळी फुटते. आवाज वेगळा आला की थांबायचं, बंदूक रिकामी करायची आणि नळी आरपार दिसते का ते पाहायचं. हे तुमच्या मुलाला माहीत असणार. तरी विचारा.

आता माझी फजिती. निवृत्त झाल्यावर पुतण्याकडे ओहायोला गेलो होतो. त्यालाही हाच नाद. म्हटलं, जन्मभर दुसऱ्याने भरलेली काडतुसं तपासली, एकदा स्वतः भरून पाहू. लाकडाच्या ठोकळ्यात पन्नास भोकं, दहाच्या पाच ओळी, भोकाभोकात पुंगळी उभी. मी ऐटीत दारू ओतत निघालो. तिसऱ्या ओळीत असताना पुतण्याने विचारलं, "काका, चहा टाकू?" मी म्हटलं, "टाक, साखर कमी." एवढंच. नंतर पुतण्याने खोलीतला दिवा मालवला, बॅटरी लावली आणि एकेका पुंगळीत वाकून पाहू लागला. मला थोडा रागच आला. तिसऱ्या ओळीतल्या सातव्या पुंगळीपाशी तो थांबला. तिच्यातली दारू शेजारणींपेक्षा दुप्पट उंच होती. तो काही बोलला नाही. पुंगळी डब्यात उलटी केली आणि पुढच्या पुंगळीवर बॅटरी धरली. एकतीस वर्षांचा तपासनीस, आणि चार शब्दांच्या चहाने घसरला.

म्हणून, ताई, खरा सल्ला तुमच्या मुलाला नाही, तुम्हाला आहे. तो भरायला बसला असेल तेव्हा त्याच्याशी बोलू नका. "ते सगळं झाकून ठेव, मग फोन लाव," म्हणा. ऐकत नसेल तर फोन तुम्ही ठेवून द्या. आईने फोन ठेवला की मुलगा काय समजायचं ते समजतो.

आणखी चार गोष्टी त्याच्या कानावर घाला. टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा असावा. दोन दारू दिसायला सारख्या आणि जळायला वेगळ्या असतात. काम संपलं की दारू परत तिच्याच मूळ डब्यात, लोणच्याच्या बरणीत नाही. टोप्या तर कधीच काचेच्या बाटलीत एकत्र ओतून ठेवू नयेत. एक फुटली तर सगळ्या एकदम फुटतात आणि काच गोळ्यांसारखी उडते. आणि खाण्यापिण्याचं काही त्या टेबलावर नको. टोपीच्या राखेत आणि गोळीत शिसं असतं. ते हाताला लागतं आणि हातातून तोंडात जातं. तुम्ही स्वयंपाकघराचं टेबल लिहिलं आहे. ते आधी बदलायला सांगा.

पत्राच्या शेवटी लिहिलंय की चवथीला येताना तो धाकट्या चुलतभावाला खऱ्या काडतुसाचं कीचेन आणणार आहे. नको. आपल्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भागही काडतुसातच मोजतात. विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रावर ते कीचेन काडतुसासारखंच दिसतं, आणि मग चवथीचे दिवस पोलिसांना खुलासे देण्यात जातात. चॉकलेटं आणू दे.

प्रश्न : आमचं घर सत्तरीत, केरीजवळ. गोठ्याच्या माळ्यावर आज्ज्याची लाकडी पेटी मिळाली. आत पितळेची २३ काडतुसं, बारा बोअरची. काही भरलेली, काही रिकामी. सोबत लाकडाची ठासणी, पितळेचं लांब दांड्याचं माप, पुठ्ठ्याच्या चकत्या आणि गच्च बसलेल्या झाकणाचा एक डबा. हलवला की आत खुळखुळतं. आज्जो पोर्तुगीज काळात परवानाधारक होता आणि काडतुसं स्वतः भरायचा, असं वडील सांगतात. बंदूक वडिलांनी फार पूर्वीच पोलिसांत जमा केली. बंदूक नाही, पण मला ही विद्या शिकायची आहे. फोटो जोडले आहेत. कुठून सुरुवात करू? — एक तरुण, सत्तरी

सुरुवात अशी करा की तो डबा पुन्हा हलवू नका.

त्यात बहुधा काळी दारू आहे. काळी दारू म्हातारी होऊन मरत नाही. ओल लागली नाही तर शंभर वर्षांनीही ठिणगीला तशीच भडकते. झाकण गच्च बसलंय म्हणून हातोडी, स्क्रूड्रायव्हर घेऊ नका. डब्यात काळी दारू नसून नंतरची बिनधुराची असेल तर तिचा धोका वेगळा. ती कुजते. कुजताना आंबूस वास आणि तांबूस वाफ सोडते. दोन्हींवर उपाय एकच : पेटी आहे तिथेच राहू द्या, गुरं तेवढी दुसरीकडे बांधा आणि पोलीस ठाण्यात फोन करून सांगा की आजोबांच्या पेटीत जुनी भरलेली काडतुसं आणि दारू मिळाली आहे. पेटी स्कूटरवर घालून ठाण्यात नेऊ नका. त्यांना येऊ द्या, लागलं तर ते बॉम्बनाशक पथक बोलावतील. स्वतःहून कळवणाऱ्याचं प्रकरण वेगळं दिसतं आणि छाप्यात सापडणाऱ्याचं वेगळं.

आता फोटो. तुमचा तिसरा फोटो मी भिंगाखाली बराच वेळ पाहिला. रिकाम्या पुंगळ्यांपैकी दोघींच्या तोंडाशी उभ्या बारीक भेगा आहेत. पडल्यामुळे अशी भेग येत नाही. पडली तर पुंगळी चेपते. त्या भेगा तुमच्या गुरांनी पाडल्या आहेत.

थट्टा नाही. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळा सरला की तडकलेली निघत. पितळ चांगलं, घडवणारे चांगले, कोणी हात लावलेला नाही, तरी पुंगळीच्या मानेवर भेगा. नेमकं पावसाळ्यातच व्हायचं, म्हणून या तडकण्याला इंग्रजीत ऋतूचंच नाव पडलं. उलगडा १९२१ मध्ये झाला. पावसाळ्यात काडतुसं कोरडी राहावीत म्हणून तबेल्यात ठेवत. तबेल्यात घोड्यांचं मूत. मुताचा अमोनिया हवेत, हवा दमट. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त. या पितळेला खेचून, दाबून पुंगळीचा आकार देतात तेव्हा तिच्या अंगात ताण उरतो, पिळून ठेवलेल्या दोरीसारखा. अमोनिया तांब्याला खातो आणि जिथे ताण जास्त तिथे भेग पडते. उपाय सोपा निघाला. पुंगळी घडवल्यावर तिला बेताची उष्णता द्यायची म्हणजे ताण सुटतो. मी नोकरीत होतो तेव्हा या एका भट्टीवर आमचा सगळ्यात कडक पहारा असे. तापमान थोडं कमी पडलं तर ताण तसाच राहतो, जास्त झालं तर पुंगळी मऊ पडते.

आज्ज्याने पेटी सुरक्षित म्हणून माळ्यावर ठेवली, आणि खाली साठ वर्षं गुरं बांधली. तबेल्याच्या जागी गोठा, बाकी सगळं तेच. हे मला या पेशात नव्याने यायच्या पोरांना दाखवायला आवडलं असतं. (आणि पितळ उजळायला अमोनियाचं पॉलिश वापरणाऱ्यांनाही. चिंच बरी. आपल्या आया समई चिंचेने घासतात त्यात शहाणपण आहे.) अशी भेगाळलेली पुंगळी पुन्हा भरली तर ती नळीत उभी फाटते आणि गरम वायू मागे, उडवणाऱ्याच्या तोंडाकडे येतो.

आज्जो भरायचा कसा, तेवढं सांगतो, कारण तुमची उत्सुकता खरी आहे. बारा बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचे शिशाचे बारा गोळे केले तर त्यांचं वजन एक पौंड. ती नळी साधारण साडेअठरा मिलिमीटर. पितळी पुंगळीत नवी टोपी, मग लांब दांड्याच्या मापाने काळी दारू, वर पुठ्ठा आणि नमद्याचा बोळा ठासायचा, मग छर्रे, आणि शेवटी पातळ चकती. म्हणून पेटीत ठासणी आणि चकत्या. लाकडाची ठासणी का? लोखंडाने ठिणगी पडते. वडिलांना विचारून पाहा, बार काढून आल्यावर आज्जो न्हाणीतल्या भाणातलं कढत पाणी नळीत ओतायचा का. ओतत असणार. काळ्या दारूची काजळी आणि जुन्या टोप्यांतले क्षार तेलाने जात नाहीत, पाण्यानेच जातात. आपल्या खाऱ्या हवेत तर रात्रभरात नळीला गंज चढे.

मापाने भरायचा, तोलून नाही. काळ्या दारूला ते चालतं. आज कोणी त्याच मापाने बिनधुराची दारू भरली तर बंदूक हातात फुटते, कारण तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त ताकद बसते. जुन्या बंदुकांपैकी पुष्कळांच्या नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, जोडून केलेल्या असत. ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा लाटा त्यांवर दिसतात. दिसायला फार सुंदर, पण आजच्या काडतुसाचा दाब सोसायला त्या केलेल्या नाहीत.

राहिली तुमची विद्या. ती तुम्हाला इथे शिकता येणार नाही, आणि ते मी गोड करून सांगत नाही. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम ५ प्रमाणे काडतूस तयार करायला वेगळा परवाना लागतो, आणि बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे तो नव्हे. तुमच्याकडे तर तोही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. एका पेटीसाठी एवढी वर्षं कोण देतो? आज्ज्याकडे पोर्तुगीज सरकारचा कागद होता, पण तो १९६१ च्या डिसेंबराबरोबर गेला.

पोलिसांनी पाहून झालं आणि भरलेला माल त्यांनी नेला की माप, ठासणी आणि चकत्या घरात ठेवू का, असं त्यांना लेखी विचारा. रिकाम्या पुंगळ्यांचंही विचारा. परवानगी मिळाली तर ते माप मला एकदा पाहायला आवडेल. दांड्यावर खुणा आहेत असं फोटोत वाटतं, पण आकडे लागत नाहीत.

प्रश्न : मी नववीत आहे. १० मीटर एअर रायफल शिकते. आमच्या रेंजवर पत्र्याच्या पेटीत वापरलेले छर्रे साठतात. ते वितळवून पुन्हा छर्रे करता येतील का? डबा महाग असतो आणि बाबा दर वेळी किंमत विचारतात. आणि सर म्हणतात .२२ ची काडतुसंही परत भरता येत नाहीत. का? — एक विद्यार्थिनी, म्हापसा

बाबांची काळजी समजली, पण नको. शिसं वितळवताना त्याची वाफ आणि धूळ अंगात जाते, आणि वाढत्या वयात शिसं फार वाईट. रेंजवरचे वापरलेले छर्रे मोठ्या माणसांनी हातमोजे घालून गोळा करावेत आणि भंगारात द्यावेत. सराव झाला की तूही हात साबणाने धुऊन मगच डबा उघड. चिप्सचं पाकीट रेंजवर फोडू नकोस.

समजा शिसं नीट वितळवलंच, तरी काम होणार नाही. तुझा छर्रा बघ, मधे बारीक, दोन्हीकडे रुंद. डमरू. साडेचार मिलिमीटरचा आणि वजन साधारण अर्धा ग्रॅम. आणि तुझ्या लक्ष्यातला दहाचा ठिपका आहे फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. डमरूची एक कड केसभर जाड झाली तर छर्रा हवेत झोकांड्या खातो. घरच्या साच्यात शंभर छर्रे एकसारखे येत नाहीत. कारखान्यातसुद्धा दोन लॉट अगदी एकसारखे येत नाहीत, म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल शिकंज्यात धरून वेगवेगळे लॉट उडवून बघतात आणि जमणारा लॉट उचलतात. पैसे वाचवायचे तर सरावाला स्वस्त छर्रा आणि स्पर्धेला चांगला, असं कर. आणि घरी नेम धरून कोरडा सराव कर, त्याला छर्राच लागत नाही.

.२२ बद्दल सर बरोबर आहेत. मोठ्या काडतुसाच्या बुडात मधोमध टोपी असते. ती काढून दुसरी बसवता येते. .२२ ला वेगळी टोपीच नाही. तिचा मसाला पुंगळीच्या बुडाच्या काठात, आतल्या बाजूने, गोल फिरवून पसरवलेला असतो. घोडा तो काठ चेपतो आणि बार उडतो. एकदा चेपलेला काठ परत मसाला भरून सरळ करता येत नाही. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटरचं कांस्य आणलं ते याच काडतुसाने. एकदा उडवायचं आणि पुंगळी टाकायची.

तुझ्या बाबांना एक सांग : साडेचार मिलिमीटरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर परवाना लागत नाही. त्या फेऱ्या वाचल्या.

प्रश्न : कुळागरात रानडुकरं घुसतात. केळी, सुरण, काही ठेवत नाहीत. बंदुकीच्या परवान्याला वेळ लागतो. एखादा गावठी बार घरच्या घरी कसा भरायचा ते लिहा. — एक शेतकरी, सांगे

लिहिणार नाही. पिठाच्या गोळ्यात बार ठेवलेला मी पाहिला आहे, आणि तो चावलेली गायही. तिचं तोंड मला अजून दिसतं. डुकराला मारायलाही वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते. विभागीय कृषी कार्यालयात सौर कुंपणाच्या अनुदानाची चौकशी करा, आणि शेजारच्या दोघातिघांना बरोबर घेऊन अर्ज करा. एकट्याचं कुंपण असलं की डुकरं शेजारून येतात. पीक राखण्यासाठीच्या बंदूक-परवान्याचा अर्जही सोबत चालू ठेवा. वेळ लागतो हे खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

प्रश्न : वर्गात एका मुलाने विचारलं, "बाई, काडतूस हा शब्द मराठी कसा?" मला सांगता आलं नाही. — एक शिक्षिका, मडगाव

बाई, तो तुमच्याच बंदरातून उतरला आहे. पोर्तुगीज 'कार्तुश'चं काडतूस झालं आणि 'पिश्तोला'चं पिस्तूल. मुळात कार्तुश म्हणजे कागदाची सुरळी. पूर्वी दारू आणि गोळी कागदात गुंडाळत, शिपाई दातांनी टोक फाडून दारू नळीत ओतत. १८५७ ला ज्या काडतुसावरून भडका उडाला ते असंच कागदाचं होतं, वरून चरबी लावलेलं. तोंडात धरावं लागे म्हणून तर प्रश्न धर्माचा झाला. पितळेचं असतं तर चावायची वेळच आली नसती. मुलांना हे सांगितलं तर इतिहासाचा तासही निघेल.

आणि 'दारू'बद्दल तो मुलगा पुढच्या वेळी विचारणारच. फारसीत दारू म्हणजे औषध. आपण तिचे दोन अर्थ केले आणि दोन्ही धोक्याचे. पोर्तुगीजांचा बंदुकीच्या दारूचा कारखाना जुन्या गोव्याजवळ पणेलीला होता. दुसऱ्या दारूचे कारखाने तुमच्या विद्यार्थ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील. मी नोकरीला लागलो तेव्हा नेमणुकीच्या कागदावर दारूगोळा असा शब्द होता. आईने तो वाचला, घडी घालून देवघरात ठेवला आणि वाड्यावर सगळ्यांना सांगितलं, "पोराला पुण्याकडे सरकारी नोकरी लागली." कसली, ते मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही.